नाव झाकून पाठवलेली कथा



२ एप्रिल २०२२. वर्षप्रतिपदेचा दिवस. सकाळी दारोदारी उभारलेल्या गुढ्या सूर्यास्ताबरोबर उतरल्या होत्या. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते गोळे रांगेने सरकत गेले. विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी अंगणात उभे राहून ते दृश्य पाहिले. कोणी त्याला उल्का म्हटले, कोणी विमान कोसळल्याचे सांगितले, तर कोणी नव्या संवत्सराच्या पहिल्याच रात्री हा अपशकुन झाला म्हणून हात जोडले. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्याच्या लाडबोरी गावात आभाळातून एक धातूचे कडे येऊन पडले. त्याचा व्यास जवळपास तीन मीटर होता आणि वजन सुमारे चाळीस किलो. पुढील दिवसांत आसपासच्या शिवारात धातूचे गोलही सापडले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे अनुमान तज्ज्ञांनी काढले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून आली आणि पंधरा दिवसांत बातमी शिळी झाली.

बातमीचे आयुष्य तेवढेच असते. कथेचे तसे नसते. धानाच्या बांध्या आणि मोहाची झाडे यांच्यामध्ये वसलेल्या एका गावात, सणाच्या रात्री, दुसऱ्या देशाने अंतराळात पाठवलेल्या यंत्राचा तुकडा येऊन पडतो, एवढ्यावर जगातील कोणत्याही विज्ञानकथाकाराने कथा रचली असती. त्या रात्री आकाशाकडे पाहणाऱ्यांत एखादा तरुण असा असेलच, ज्याच्या मनात प्रश्न उठला असेल, की हे कडे मानवनिर्मित नसते तर? ते उघडले असते तर? पहाटे ते जागेवर नसते तर? कदाचित त्याने वहीत चार पाने लिहिलीही असतील. पुढे त्या वहीचे काय झाले, या प्रश्नाशी आजचा विषय निगडित आहे. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या नवोदिताच्या वाट्याला कोणते चढउतार येतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या अरण्यप्रदेशातील नवोदिताच्या हाती कोणते बळ असते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या विचाराचा प्रारंभ मराठीतील सर्वांत प्रसिद्ध नवोदितापासून केला पाहिजे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेकडे ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. साहित्यवर्तुळात हे नाव कोणी ऐकलेले नव्हते. परीक्षकांनी कथा वाचली, तिला प्रथम पारितोषिक दिले आणि मग उलगडा झाला, की जगताप नावाची कोणी व्यक्तीच नाही. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलटी वाचली, की ज. वि. ना. होतात. ती कथा डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची होती.

त्या वेळी नारळीकरांचे वय ३६ वर्षांचे होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासमवेत त्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगभर चर्चिला गेला होता. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आतच ‘पद्मभूषण’ लाभले होते. १९७२ मध्ये ते मायदेशी परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले होते. अशा माणसाने आपल्या नावानिशी कथा पाठवली असती, तर तिला पारितोषिक नाकारण्याचे धैर्य कोणत्या परीक्षकाला झाले असते? नेमके तेच त्यांना नको होते. हस्ताक्षरावरूनही ओळख पटू नये, म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताई यांच्या हातून लिहून घेतली गेली. कथेचा जन्मही मौजेचा आहे. अहमदाबादच्या एका परिसंवादात एक रटाळ व्याख्यान चालू असता, टिपणे काढण्यासाठी दिलेल्या कागदांवर त्यांनी ती लिहावयास घेतली होती. रटाळ व्याख्यानांचाही समाजाला असा कधीमधी उपयोग होतो, याची नोंद प्रत्येक वक्त्याने घ्यावी!

विशेष असे, की भारतातील आणखी एका थोर शास्त्रज्ञाने याच वाटेने पाऊल टाकले होते. १८९६ साली बंगालमध्ये ‘कुंतलीन’ या केशतेलाच्या उत्पादकाने कथास्पर्धा जाहीर केली. तीत पहिली आलेली कथा जगदीशचंद्र बसू यांची होती, आणि तीही नाव न देता लिहिलेली. घोंघावत येणारे समुद्री वादळ तेलाच्या एका बाटलीने शांत होते, अशी तिची गमतीदार कल्पना. तेलामुळे द्रवाच्या पृष्ठभागावर होणारा परिणाम हे तिच्यामागचे विज्ञान. जाहिरातीसाठी घेतलेल्या स्पर्धेतून भारतीय भाषांतील आरंभीच्या विज्ञानकथांपैकी एक जन्माला आली.

जगदीशचंद्र आणि नारळीकर, दोघांनीही साहित्याच्या दारी आपली विज्ञानातील वस्त्रे उतरवून प्रवेश केला. प्रयोगशाळेत ज्याप्रमाणे निरीक्षण महत्त्वाचे असते, निरीक्षकाचे घराणे नव्हे, तोच न्याय त्यांनी कथेला लावला. नवोदिताने घ्यावयाचा पहिला धडा हाच आहे. कथा आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे.

परंतु येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. नारळीकरांनी मुखवटा काढला, तेव्हा आत नारळीकर होते. त्यानंतर संपादकांनी त्यांच्याकडे कथा मागितल्या आणि प्रकाशकांनी संग्रह काढले. हे सर्व गुणवत्तेवरच झाले, यात शंका नाही. तथापि अहेरी, धानोरा किंवा गोंडपिपरीच्या तरुणाने टोपणनाव काढले, तर आत दुसरे मोठे नाव नसते. त्याची कथा परत येते, तेव्हा ती एका अनोळखी पत्त्यावर परत येते. पहिल्या पारितोषिकाचा दिवस कोणाच्याही चरित्रात शोभून दिसतो. खरी कसोटी त्या दिवसाच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांत लागते.

नंतरच्या वर्षांतले चढउतार तर नारळीकरांनाही चुकले नाहीत. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या पुस्तकांनी घराघरांत वाचक मिळवले. १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या साहित्यप्रकाराची कौतुकाने दखल घेतली. तरीही समीक्षेच्या दरबारात विज्ञानकथेला दीर्घकाळ पाहुण्यासारखेच वागवले गेले. साहित्यिक म्हणत, यात विज्ञानच फार. वैज्ञानिक म्हणत, यात कल्पनाच फार. उरलेले म्हणत, हे तर मुलांसाठी! २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार नारळीकरांना मिळाला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे चालत आले ते २०२१ च्या नाशिक संमेलनात, म्हणजे ‘कृष्णविवर’नंतर ४७ वर्षांनी. आणि प्रकृतीच्या कारणास्तव त्या मंचावर त्यांना प्रत्यक्ष उपस्थित राहता आले नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एवढ्या मोठ्या माणसालाही ज्या वाटेवर सन्मानासाठी चार तपांच्या जवळपास थांबावे लागले, त्या वाटेवर दोन वर्षांत निराश होणाऱ्या नवोदिताने आपल्या घाईचा विचार केलेला बरा.

मराठीत ही वाट एकट्या नारळीकरांनी चोखाळली, असेही नाही. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या आणि एका पिढीला चंद्रावर, समुद्रतळाशी फिरवून आणले. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या मासिकाने अद्भुताला हक्काचे घर दिले. बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, लक्ष्मण लोंढे यांनी हा प्रकार नेटाने वाढवला. यांपैकी लोंढे यांचे उदाहरण नवोदितांनी मनावर कोरून ठेवावे असे आहे. त्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ ही मराठी कथा इंग्रजीत गेली आणि १९९८ साली अमेरिकेतील कॅन्सास विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात समाविष्ट झाली. जगभरच्या भाषांतून निवडलेल्या त्या कथांमध्ये भारताचा आवाज म्हणून एक मराठी माणूस उभा राहिला. जगात पोहोचण्यासाठी मातृभाषा सोडावी लागते, असे मानणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

उतारांची उदाहरणे पाहावयाची, तर जगाचा इतिहासही भरपूर साक्ष देतो. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८६३ च्या सुमारास विसाव्या शतकातील पॅरिसवर एक कादंबरी लिहिली. त्याचे प्रकाशक हेत्झेल यांनी ती नाकारली. हस्तलिखित तिजोरीत पडून राहिले. १९८९ मध्ये त्याच्या पणतूला ते सापडले आणि १९९४ मध्ये, म्हणजे सुमारे १३० वर्षांनी, ते छापून निघाले. अमेरिकेत फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही कादंबरी वीसहून अधिक प्रकाशकांनी परत केली. अखेर १९६५ मध्ये ती छापली कोणी, तर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका संस्थेने! आज ती या साहित्यप्रकारातील अग्रगण्य कृती मानली जाते.

अशा गोष्टी सांगितल्या, की नवोदिताला धीर येतो, आणि तो यावाही. मात्र त्यातून चुकीचा बोधही घेतला जाऊ शकतो. नाकारलेली प्रत्येक कथा ‘ड्यून’ नसते. व्हर्नच्या त्या हस्तलिखितात कच्चेपणा आहे, असे प्रकाशकाचे मत होते, आणि तो अगदीच चुकला होता असेही म्हणता येत नाही. महत्त्वाचे हे, की व्हर्न रुसून बसला नाही. तीच कादंबरी घेऊन तो जन्मभर प्रकाशकाशी भांडत राहिला नाही. त्याने पुढची लिहिली, मग त्याच्या पुढची. त्याच प्रकाशकाने त्या छापल्या आणि जगाने वाचल्या. परत आलेली कथा म्हणजे लेखकाचा पराभव नव्हे, आणि संपादकाचे अज्ञानही नव्हे. पुन्हा एकदा कामाला बसा, एवढाच तिचा अर्थ असतो.

आता विदर्भाच्या या टोकाकडे वळू. समजा, गडचिरोली जिल्ह्यातील एका गावात एक तरुण शिक्षक आहे. भागवतांचे व्हर्न आणि नारळीकरांच्या कथा त्याने शालेय वयात वाचल्या आहेत. लाडबोरीच्या घटनेने तो झपाटला. महिनाभर रात्री जागून त्याने कथा लिहिली. त्या कथेत काय असेल? बहुधा बोस्टनची प्रयोगशाळा. डॉ. स्मिथ नावाचा शास्त्रज्ञ. पांढऱ्या झग्यातील साहाय्यिका. लाल दिवा, धोक्याची घंटा, आणि शेवटच्या परिच्छेदात सारे विज्ञान समजावून सांगणारे एक लांबलचक संभाषण. कथा पुण्या-मुंबईच्या दिवाळी अंकाकडे जाते. चार महिने उत्तर येत नाही. मग साभार परत. दुसऱ्या अंकाकडे पाठवावी, तर तेथून तेवढेही नाही. घरात वडील म्हणतात, ‘हे उद्योग पुरे झाले, बदलीच्या अर्जाचे बघ.’ सहकारी थट्टेने विचारतात, ‘काय गुरुजी, परग्रहावरून पत्र आले का?’ वही कपाटात जाते. हे चित्र काल्पनिक असले, तरी ज्यांनी कधी काळी लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना ते ओळखीचे वाटेल.

त्या तरुणाचे चुकले कोठे? लाडबोरीचे कडे त्याच्या डोळ्यांसमोर पडले होते, आणि त्याने ते उचलून बोस्टनला नेले. जी एकमेव गोष्ट त्याच्याजवळ होती आणि पुण्या-मुंबईच्या कोणत्याही लेखकाजवळ नव्हती, ती त्याने स्वतःहून टाकून दिली. नारळीकरांनी नाव झाकले, त्यामागे आत्मविश्वास होता. या तरुणाने आपले गाव झाकले, त्यामागे न्यूनगंड होता. पहिला संयम आहे, दुसरे आत्मविस्मरण आहे. विज्ञान दुसरीकडे घडते, आपल्याकडे त्याच्या केवळ बातम्या येतात, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे, की कल्पनेतसुद्धा आपण दुसऱ्याच्या घरी राहावयास जातो.

आणि या भूमीत नाही काय? चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील शेतांतून डायनोसॉरची हाडे आणि त्यांच्या विष्ठेचे दगड बनलेले गोळे सापडतात. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील डॉ. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांतील वनस्पतींचे सूक्ष्म सिलिकाकण तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या खुणा आढळल्या. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते, हा तोवरचा समज त्या शोधाने मोडला. गवत म्हणजे काय, तर ज्या कुळात भात येतो आणि बांबू येतो, ते तृणकुल! ज्या प्रदेशाचे पोट धानावर आणि हात बांबूवर चालतात, त्याच प्रदेशातील साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दगडाने जगाच्या पाठ्यपुस्तकात दुरुस्ती केली. त्या दगडावरून नांगर नेणाऱ्या शेतकऱ्याची कथा कोणी लिहावयाची?

दक्षिणेला सिरोंचा तालुक्यात जावे. वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. तेथे अश्मीभूत वृक्षांचे बुंधे पाहावयास मिळतात. त्याच तालुक्यातील कोटा या गावाच्या नावाने भूशास्त्रातील एक खडकस्तर जगभर ओळखला जातो. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील त्या स्तरातून ‘बारापासॉरस’ या प्रचंड डायनोसॉरचे अवशेष निघाले. त्याचे उपपद ‘टागोरी’ हे रवींद्रनाथांच्या नावावरून दिलेले आहे आणि त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत एकत्र जोडलेले होते, त्या महाखंडाला विज्ञान ‘गोंडवन’ म्हणते. ते नाव आले गोंडांच्या भूमीवरून. पृथ्वीच्या इतिहासातील एका महाखंडाला ज्या मातीने नाव दिले, त्या मातीतील लेखकाने आपल्या कथेसाठी पत्ता उसना आणावा, यासारखी विसंगती नाही.

पृथ्वीचे सोडा, आकाशही येथले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड गावांतून फिरून तेथील आकाशज्ञान नोंदवले आणि २०१३ मध्ये ते प्रसिद्ध केले. आपण ज्याला सप्तर्षी म्हणतो, त्यातील चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे ती चोरावयास टपलेले चोर, अशी तेथील कथा. तारे तेच, ज्ञान निरीक्षणाचेच, पण त्यामागचे घर वेगळे. वनवासी बांधवांच्या ओठांवरील अशा कथा ऐकून मग लेखणी उचलणारा कथाकार आजच्या मराठीला हवा आहे. त्याची पहिली भाषा माडिया किंवा गोंडी असली, तर अधिकच उत्तम. मराठी विज्ञानकथेला त्याने आजवर न पाहिलेले अंगण मिळेल.

नारळीकरांनीही आपले अंगण सोडले नव्हते, हे त्यांच्या पुस्तकांच्या नावांवरूनच दिसते. यक्ष, वामन, भस्मासुर, उजव्या सोंडेचा गणपती, ही नावे वाचकाला परकी वाटत नाहीत. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा तर मराठी मनाच्या जुन्या जखमेलाच हात घालते. पानिपतच्या रणात विश्वासरावांना लागलेली गोळी चाटून गेली असती तर? इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ चे युद्ध मराठ्यांनी जिंकलेले आहे. तीच कथा इंग्रजी रूपात अकरावीच्या पाठ्यपुस्तकात देशभरच्या मुलांनी अनेक वर्षे अभ्यासली. विज्ञान आधुनिक, वेदना आपली. अर्थात, येथे एक विवेकही पाळावयास हवा. पुराणांतील प्रतीके नारळीकरांनी कथेसाठी वापरली, विज्ञानाचा पुरावा म्हणून नव्हे. आपल्या पूर्वजांकडे सर्व काही होते, असे सांगण्यात कथाही होत नाही आणि विज्ञानही होत नाही. पूर्वजांची कल्पनाशक्ती थोर होती, हे सिद्ध करण्याचा मार्ग एकच, तिच्या तोडीचे आपण काही निर्माण करणे.

मग त्या तरुण शिक्षकाने काय करावे? कपाटातील वही पुन्हा काढावी. डॉ. स्मिथना नम्रपणे निरोप द्यावा. कथा सिंदेवाही किंवा सिरोंच्याला आणावी. शास्त्रज्ञाच्या जागी एखादा वनरक्षक, तेंदूपत्ता गोळा करणारी एखादी आजी, आश्रमशाळेतील एखादी मुलगी आणावी. विज्ञानाचा ‘असे झाले तर’ एकच असावा, दहा नसावेत. तो एक मात्र पक्का असावा. जाणकाराला दाखवून, पुस्तकांत तपासून घेतलेला असावा. त्या एका बदलाने माणसांच्या जगण्यात काय उलथापालथ होते, ते पाहत जावे. विज्ञान समजावून सांगण्याचा मोह आवरावा. मोहफुले वेचताना आजीच्या टोपलीत कड्याचा एक तुकडा आला आणि तिने त्याचे काय केले, हे नीट सांगितले, तर अंतराळातील कचऱ्याचा प्रश्न वाचकाला व्याख्यानाशिवाय कळतो. मग कथा पुन्हा पाठवावी. पुन्हा परत आली, तर पुन्हा लिहावी. दरम्यान दुसरी सुरू केलेली असावी.

तथापि सर्व भार एकट्या नवोदितावर टाकून समाजाने मोकळे होणे न्यायाचे नाही. १९७९ मध्ये आणि नंतर २०१२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात भरले. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. हे मोठे टप्पे आहेत. परंतु नवोदिताची गरज यांहून लहान आणि रोजची असते. गावच्या ग्रंथालयात विज्ञानकथांचे एक कपाट असावे. शाळेत महिन्यातून एकदा मुलांनी लिहिलेली कथा लेखकाचे नाव न सांगता वाचली जावी आणि मुलांनीच तिच्यावर बोलावे. संपादकाने कथा परत करताना दोन ओळी लिहाव्यात. त्या दोन ओळींवर एखादा लेखक दहा वर्षे चालतो. वस्त्यावस्त्यांतून जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी रोगराईची आणि शाळागळतीची चौकशी करताना, ‘येथे कोणी लिहिते का?’ हाही एक प्रश्न विचारावा. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी, जेवण झाल्यावर मुलाने वही उघडली, तर बदलीच्या अर्जाची आठवण उद्या करून द्यावी. एका रात्रीने अर्ज अडत नाही. कथा मात्र अडते.

मित्रहो, नारायण विनायक जगताप या नावाचा माणूस १९७४ साली अस्तित्वात नव्हता. परंतु परीक्षकांनी त्याची कथा अशा रीतीने वाचली, की जणू तो आहे, कोठल्यातरी लहान गावात राहतो आणि निकालाची वाट पाहतो. त्या पारितोषिकाचा खरा गौरव यात आहे. आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोणत्यातरी गावात असा माणूस खरोखरच आहे. त्याच्या मागे कोणतेही मोठे नाव दडलेले नाही. त्याच्या वहीत लाडबोरीचे आकाश आहे, पिसदुऱ्याची माती आहे, आणि म्हातारीची ती बाज आहे. त्याने गाव न झाकता ती कथा टपालात टाकावी. आणि ती ज्याच्या टेबलावर येईल, त्याने पाकिटावरील नाव न पाहता पहिले पान उघडावे.